प्रतिकृतीतील ‘कृती’

मराठीच्या अध्यापकाने मोटारसायकलच्या सायलेन्सरवर लेख लिहावा, हे आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना रुचलेले नाही. ‘विषय संपले का?’ असे त्यांनी मला विचारले. विषय संपलेले नाहीत. परंतु गेल्या पावसाळ्यात एका गंजलेल्या सायलेन्सरने आमच्या घरात जो वाद पेटवला, त्यात मूळ प्रत, पाठभेद, प्रक्षेप, अनुकरण आणि अस्सलपणा या आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलेल्या साऱ्या संकल्पना ओसरीवर येऊन बसल्या. आणि त्यांपैकी एकीचाही अर्थ आम्हां घरच्या शिकलेल्या माणसांना धड सांगता येईना. त्या वादात दोन पक्ष होते. दोन्ही पक्ष चुकले होते असे माझे मत आहे. हे पक्ष आमच्या घरापुरते नाहीत, म्हणून ते मत येथे भीड न बाळगता मांडतो.

आधी हकीकत. हसनाबाद हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील आमचे गाव. माझे चुलते, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, यांनी १९७४ साली मोसंबीच्या एका चांगल्या बहराच्या पैशांतून साडेतीनशे सीसीची बुलेट घेतली. तिची नोंदणी औरंगाबादची आहे. कारण जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, आणि तोवर आमचा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. या गाडीवरून नाना बागेत गेले, भोकरदनच्या कचेरीत गेले, जालन्याच्या मोंढ्यात गेले. काकूंना माहेरी त्यांनी याच गाडीवरून पोचवले आणि अकरावीच्या प्रवेशासाठी मला जालन्याच्या कॉलेजात नेले तेही हिच्याच मागच्या सीटवरून. पुढे गुडघे दुखू लागले आणि गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. बारा वर्षे ती तेथे उभी होती. गेल्या वर्षी नानांच्या नातवाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, ती बाहेर काढली. इंजिन उघडले, रिंगा बदलल्या, वायरिंग नवे केले, आणि गाडी सुरू झाली. सायलेन्सर मात्र हाताने दाबताच पोटाकडून भुगा होऊन गळला.

सायलेन्सर बाहेरून चकचकीत असतो आणि आतून कुजतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ही वाफ बाहेर पडते. घर ते बाग एवढ्याच फेऱ्या असल्या तर तो पुरेसा तापत नाही. वाफेचे पाणी होऊन ते तळाशी साचते आणि पत्रा आतून खाऊ लागते. नानांची शेवटची पाच-सात वर्षे घर ते बाग याच फेऱ्यांत गेली. म्हणजे त्या सायलेन्सराचा गंज हा एका माणसाच्या आखडत गेलेल्या हिंडण्याफिरण्याचाच हिशेब होता. असो.

नवा सायलेन्सर घ्यायचा ठरला. आम्ही छत्रपती संभाजीनगरला (१९७४ चे औरंगाबाद) एका दुकानात गेलो. दुकानदाराने आमच्यापुढे तीन नग ठेवले. पहिला तरुणांचा लाडका. त्याची नावे ‘पंजाब’, ‘इंदोरी’, ‘गोल्डस्टार’ अशी निरनिराळी असली तरी आतून तो बव्हंशी पोकळ नळा. दुसरा ‘अस्सल प्रतिकृती’ म्हणून मखमली कापडावर ठेवलेला. लांबी, निमुळतेपणा, शेपटीचा आकार हुबेहूब जुना. वर झळझळीत क्रोम आणि अंगावर ‘रॉयल एनफील्ड’ असा ठसा. किंमत पहिल्याच्या अडीचपट. तिसरा एका कोपऱ्यात, तपकिरी कागदात गुंडाळलेला. त्याचा आकार साधारण जुन्यासारखा, शेपूट बोटभर आखूड, ठसा नाही, क्रोम बेताचे. पुतण्याचा कल पहिल्याकडे होता. सोबत आलेले त्याचे एक परिचित, जे जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना नियमाने जातात, त्यांनी दुसऱ्याखेरीज कशालाही हात लावण्यास नकार दिला. तिसऱ्याकडे कोणी पाहिलेही नाही.

पहिला पक्ष जिंकला. ‘पंजाब’ सायलेन्सर बसवून गाडी गावात आली तेव्हा गल्लीतील झोळीतली पोरे दचकून रडू लागली, हे मी ऐकीव सांगत नाही. पुतण्याने अभिमानाने नानांना म्हटले, “बसा मागं, बागेत जाऊन येऊ.” नाना काठी टेकीत आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “बंद कर.” मग जे म्हणाले ते मी शब्दशः देतो, कारण पुढचे सारे विवेचन त्याच्याच आधारावर उभे आहे. “मागं बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. नाहीतर मागं माणूस बसवला काय अन् पोतं टाकलं काय, सारखंच.” ते त्या गाडीवर बसले नाहीत. पुतण्या दुखावला. महिनाभर आजा-नातू एकमेकांशी नीट बोलत नव्हते.

आता वादाकडे वळू. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की बुलेट म्हणजे आवाज. मुका सायलेन्सर लावणे म्हणजे परंपरेचा गळा आवळणे. वरवर पाहता हे म्हणणे परंपरानिष्ठ वाटते. वस्तुतः त्याला परंपरेचे काडीचेही ज्ञान नाही. जुन्या बुलेटचा जो ठोका आपण आठवणीत जपतो, तो मुळात इंजिनाच्या घडणीतून येतो. एकच सिलिंडर, त्याचा व्यास सत्तर मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव नव्वद मिलिमीटर. जोडीला जड चाक. असे इंजिन सावकाश फिरते. उभ्या गाडीत ते मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर चार-स्ट्रोक इंजिनाच्या हिशेबाने चारशे स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सहा ते सात. इतके विरळ ठोके कानाला वेगवेगळे मोजता येतात. त्यांच्यामध्ये अवकाश असतो. त्या अवकाशामुळेच ठोका ऐकू येतो. पोकळ नळ्यातून आवाज दुप्पट बाहेर आला की पहिल्या ठोक्याची कर्कश शेपटी दुसऱ्यात मिसळते आणि उरतो तो नुसता कल्लोळ. थोडक्यात, आवाज वाढवणाऱ्यांनी बुलेटचा आवाज मारला आहे.

‘फटाका’ हा तर याहून खालचा प्रकार. चालत्या गाडीचे इग्निशन क्षणभर तोडायचे, न जळलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरात जाऊ द्यायचे, पुन्हा ठिणगी द्यायची, की सायलेन्सरातच स्फोट होतो. त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक जळते, जाळी फाटते. इंजिनाच्या दृष्टीने ही उचकी आहे. अंगारकीला राजूरच्या गणपतीकडे पायी निघालेल्या बायाबापड्यांच्या मागे येऊन असा बार काढणे, याला जे लोक ‘बुलेटची शान’ म्हणतात त्यांच्याशी सौंदर्यशास्त्राची चर्चा करण्यात अर्थ नाही.

यातही एक गंमत आहे. ‘गोल्डस्टार’ हे नाव ज्यावरून आले, ती बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची गाडी १९५० च्या दशकात शर्यतींत गाजली. तिच्या सायलेन्सराची ख्याती अशी की थ्रॉटल बंद करताच तो चिवचिवाट केल्यासारखा बारीक आवाज काढी. आज आमच्या बाजारात गोल्डस्टार नावाने जे विकले जाते, त्याने चिमण्या उडून जातात. नाव टिकले, वस्तू गेली. मराठीच्या विद्यार्थ्यांना ही अवस्था अनोळखी नसावी.

दुसरा पक्ष अधिक सुसंस्कृत आहे आणि म्हणूनच अधिक धोक्याचा. मेळाव्यांत वावरणारे हे अस्सलवादी गृहस्थ फटाकेवाल्यांना तुच्छ लेखतात. नटबोल्टाच्या डोक्यावरील खूण, टाकीवरील सोनेरी रेघेची जाडी, सायलेन्सरावरील ठसा यांवर ते तासन्‌तास बोलू शकतात. त्यांचे ज्ञान खरे आहे आणि त्यांच्याविषयी मला काही अंशी कृतज्ञताही वाटते. त्यांनी आग्रह धरला नसता तर जुन्या मापांचे साचे केव्हाच जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांत गेले असते. परंतु त्यांना एक प्रश्न विचारला की त्यांची पंचाईत होते. तो मखमलीवरचा सायलेन्सर आतून कसा आहे? आमच्या परिचितांना मी तो दुकानातच विचारला. त्यांनी शेपटीतून आत पाहिले नव्हते. मी पाहिले. विजेरी धरली तर दुसऱ्या टोकाकडील उजेड सरळ दिसत होता. आत पडदे नाहीत, उलटसुलट फिरणारी वाट नाही. एक छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती काचलोकरीचा पातळ थर. अर्थात तोही पोकळ नळाच, फक्त उंची पोशाखातला. फटाकेवाले आणि अस्सलवादी हे दोघे एकमेकांचे शत्रू म्हणवतात आणि एकच वस्तू दोन किमतींना विकत घेतात.

शिवाय त्या ठशाचे काय? १९७४ साली ही गाडी तयार करणाऱ्या कंपनीचे नाव होते एनफील्ड इंडिया. मद्रासमध्ये १९५५ साली ती स्थापन झाली, तेव्हा बुलेट इंग्लंडातील रेडिच येथून सुट्या भागांच्या रूपाने येई. पुढे ती येथेच पूर्णपणे तयार होऊ लागली. १९७० च्या सुमारास इंग्लंडातील मूळ कंपनीचा कारभार आटोपला. मद्रासची बुलेट मात्र बनत राहिली, आणि १९७७ साली तर ती इंग्लंडला निर्यात होऊ लागली. नानांच्या गाडीच्या टाकीवर ‘एनफील्ड’ एवढीच अक्षरे आहेत. तिच्या सायलेन्सरावर ‘रॉयल’ हा शब्द उमटवणे म्हणजे तिने कधी धारण न केलेले बिरुद तिला मागाहून चिकटवणे होय. आपण त्याला प्रक्षेप म्हणतो. या इतिहासाचा त्याहून मोठा धडा असा की ज्या गाडीच्या ‘मूळपणा’साठी एवढा अट्टहास चालला आहे, ती स्वतःच एका प्रतीची प्रत आहे. मूळ विझल्यावर प्रत जिवंत राहिली, कारण प्रत चालत होती.

येथे मला माझ्या विषयाकडे यावेच लागते. आमच्याच भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे स्थान आहे. त्या पंथाच्या ‘लीळाचरित्रा’ची कथा आपण दरवर्षी एम.ए.च्या वर्गात सांगतो. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत धाडीत नष्ट झाली, आणि मागाहून शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली अशी परंपरा आहे. त्यामुळे तिचे पाठ अनेक झाले. त्या शिष्यांपुढे कागदाचा आकार, शाईचा रंग, अक्षराचे वळण हे प्रश्न नव्हते. स्वामी काय बोलले आणि कोणत्या प्रसंगी बोलले, हे हरवू नये एवढाच ध्यास होता. ती प्रतिकृती आहे आणि ती अस्सल आहे. दुसरे उदाहरण गोदाकाठच्या पैठणचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, ‘ज्ञानेश्वरी’च्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. त्यांनी दोन गोष्टी टाळल्या. भ्रष्ट प्रत केवळ जुनी म्हणून पूजली नाही, आणि स्वतः एवढे मोठे कवी असूनही तीत आपला आवाज मिसळला नाही. पाठात भर घालू पाहणाऱ्यांना त्यांनी दिलेली ताकीद प्रत्येक मराठीच्या विद्यार्थ्यास ठाऊक आहे.

आता ‘प्रतिकृती’ हा शब्दच पाहा. त्यात ‘कृती’ आहे. शब्दाची व्युत्पत्ती कोशात काहीही असो, मला त्याचा अर्थ असा लावावासा वाटतो की मूळ वस्तू जे करीत होती ते जी पुन्हा करते ती प्रतिकृती. मूळ वस्तू जशी दिसत होती तशी जी दिसते, तिला फार तर प्रति-आकृती म्हणावे. सायलेन्सर ही वस्तू तर आपल्या नावातच आपली कृती सांगते. इंजिनातून सुटलेल्या वायूचा दाब अचानक हवेत मोकळा झाला तर स्फोटासारखा आवाज होतो. म्हणून त्याला आधी प्रशस्त कोठीत पसरू द्यायचे, मग छिद्रांच्या नळीतून आणि पडद्यांमधून वळणे घेत न्यायचे, म्हणजे त्याचा जोर टप्प्याटप्प्याने ओसरतो. मिस्त्री लोक या आतल्या रचनेला सरसकट ‘जाळी’ म्हणतात. कायदाही हेच म्हणतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० हा सायलेन्सर म्हणजे काय हे सांगताना त्याच्या आकाराविषयी अवाक्षर काढत नाही. प्रसरण-कोठीने वा अन्य मार्गाने आवाज शक्य तितका कमी करणारे साधन, एवढीच त्याची ओळख तेथे आहे. ज्या साध्या गोष्टीवर सरकारी नियमाचे अचूक बोट पडले, ती आमच्या अस्सलवाद्यांच्या ध्यानी येऊ नये, याला काय म्हणावे?

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. आवाजाच्या मानकांचा भंग करून वाहन चालवल्यास त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. याउलट, पन्नास वर्षांवरील आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. आमच्या परिचितांनी तोही मार्ग सुचवला. परंतु तशी नोंदणी घेतलेले वाहन प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांखेरीज रस्त्यावर नेहमीसाठी आणता येत नाही. नानांना बागेत जायचे होते. त्यांची गाडी अस्सल ठरवून काचेच्या कपाटात बसवण्यापेक्षा पाच-पाच वर्षांनी साधे नूतनीकरण करीत तिला चालती ठेवणे आम्ही पसंत केले.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘दिसणे महत्त्वाचे नाही असे म्हणता, तर मग कोणताही डबा लावा, जुन्या गाडीची शोभा गेली तर गेली.’ हा आक्षेप मला मान्य नाही, कारण आकृती आणि कृती या तितक्या सुट्या नाहीत. लांब, सावकाश निमुळता होत जाणारा सायलेन्सर जुन्या कारागिरांनी केवळ डौलासाठी केलेला नव्हता. त्या लांबीला आतल्या कोठीचे आकारमान हवे होते. बेंड पाइपचा व्यास आणि लांबी यांचाही वायूच्या लहरींशी संबंध असतो. तेव्हा जी कृतीला प्रामाणिक राहील ती प्रतिकृती दिसण्यातही मुळाच्या पुष्कळ जवळ जाते. उलट मात्र होत नाही. हुबेहूब आकाराच्या पोटात काहीही भरता येते, किंवा काहीच न भरता ती विकता येते.

म्हणून ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी, आमच्या गावच्या मिस्त्रींनी मला शिकवलेली परीक्षा येथे नोंदवतो. ते चौथीपर्यंत शिकलेले आहेत. पाठचिकित्सा हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. सायलेन्सर प्रथम दोन्ही हातांनी तोलावा. पोटात पडदे असलेला नग पोकळ नगाहून सहज जाणवेल इतका जड असतो. शेपटीतून विजेरी टाकावी. उजेड आरपार दिसला तर खाली ठेवावा. पत्र्यावर बोटाने टिचकी मारावी. पोकळ नळा घंटेसारखा वाजतो, भरलेला बद्द वाजतो. क्रोम बाहेरून पाहू नये, कडेच्या आतल्या दुमडीत पाहावे. खाली निकेलचा थर न देता चढवलेले क्रोम तेथे आधीच फुललेले असते. तळाशी पाणी गळण्यासाठी बारीक छिद्र आहे का ते बघावे. बेंड पाइप तोंडात घट्ट बसतो की नाही, आणि कानाची भोके चौकटीच्या भोकांवर ओढाताण न करता येतात की नाही, हे गाडीवर लावूनच ठरवावे. फट राहिली की तेथून हवा शिरते आणि थ्रॉटल सोडताना आपोआप फटफट सुरू होते. शेवटी, गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून प्लग काढावा. त्याचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण जुळले. पांढरे असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन जळत आहे. पोकळ सायलेन्सर लावलेल्या गाडीचा प्लग बहुधा पांढरा निघतो. या साऱ्या परीक्षेत ठशाचा प्रश्न कोठे आला? मी मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, “सर, ठसा मीबी मारून देतो. पत्र्यावर मारायचा का डोक्यावर, तेवढं सांगा.”

हे ऐकून मी हसलो. नंतर मात्र हसू आले नाही. कारण आमच्या क्षेत्रातही हेच दोन सायलेन्सर धडाक्याने विकले जातात. एक आवाजी समीक्षा, जिच्या आत विचाराचा एकही पडदा नाही. लेखकाच्या मनात आलेला पहिला संताप कोठेही न वळता, न मुरता थेट बाहेर पडतो आणि टाळ्या घेतो. दुसरे ‘अस्सल मातीचे’ म्हणून छापले जाणारे लेखन. बोलीतील चार क्रियापदे क्रोमसारखी वर चढवलेली, बाभूळ-बोरीचा ठसा उमटवलेला, आणि पोटात शहरातल्याच दिवाणखान्यात तयार झालेली पोकळ नळी. त्या लेखनात हसनाबादसारख्या गावातला माणूस बोलतो असे दाखवलेले असते. पण त्याच्या मागे बसलेल्याचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही. आपण शिक्षक मंडळी पहिल्याला बंडखोर म्हणतो, दुसऱ्याला देशी म्हणतो आणि दोघांनाही अभ्यासक्रमात लावतो. शेपटीतून विजेरी टाकून पाहण्याचे कष्ट आपणही घेत नाही. हा दोष देताना मी स्वतःला वगळत नाही. पदव्युत्तर वर्गात मी अशी दोन पुस्तके सहा वर्षे शिकवली आहेत.

शेवटी आम्ही तिसरा, तपकिरी कागदातला सायलेन्सर आणला. तो आणायला मी पुतण्याला सोबत घेतले आणि मिस्त्रींची परीक्षा त्यालाच करू दिली. तीनही नग त्याने हातांत तोलले तेव्हा दुकानात तो काही बोलला नाही; परत येताना फुलंब्रीच्या पुढे म्हणाला, “काका, अडीचपट पैसे घेऊन रिकामा डबा देत होता तो.” आपण स्वतः आणलेला डबाही रिकामाच होता, हे त्याने म्हटले नाही. मीही म्हटले नाही. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला काही गोष्टी स्वतःच्या कानांनी ऐकू येऊ द्याव्यात.

या सायलेन्सराची शेपूट बोटभर आखूड आहे. हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात परीक्षकांनी त्याबद्दल गुण कापले आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘एक्झॉस्ट मूळचा नाही’ असे लिहिले. त्यांच्याशी वाद घालण्याची पुतण्याची इच्छा होती. मी त्याला आवरले, आणि त्याऐवजी हा लेख लिहिला.

मेळाव्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गाडीवर बसले. पुढे नातू, मागे आजोबा, आणि मी मोपेडवरून त्यांच्या पाठीमागे. बागेपर्यंतचा रस्ता तीन किलोमीटरांचा आहे. नाना सगळी वाट बोलत होते. ठोका सावकाश पडत होता आणि त्यांचे हातवारे मला मागून दिसत होते. ही मेर कोणाची, ती विहीर केव्हा आटली, या वळणावर एकदा काकूंची चप्पल कशी पडली आणि ती शोधायला अर्धा तास कसा गेला. पुतण्या मधूनमधून मान मागे वळवून विचारत होता, “मग?”